सीबीएसई दहावी, वर्षात दोन परीक्षा: पालकांनी काय करावे, काय टाळावे

काय करावे

नियम आणि नोंदणी

१. फेब्रुवारीची परीक्षा हीच खरी परीक्षा धरा. ती सर्वांना सक्तीची आहे, मेमधली ऐच्छिक.
२. मेमध्ये विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांपैकी जास्तीत जास्त तीनच विषयांत गुण सुधारता येतात, हे मुलांना आताच सांगून ठेवा.
३. शाळेने मंडळाकडे पाठवायच्या यादीतले नाव, जन्मतारीख आणि विषयांचे कोड स्वतः तपासा; मागाहून विषय बदलून मिळत नाही.
४. गणित बेसिक (२४१) की स्टँडर्ड (०४१), हे अकरावीला काय घ्यायचे ते पाहून आणि शिक्षकांशी बोलून ठरवा.
५. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. आजारपणात रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचे कागद लगेच शाळेत द्या.
६. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण वर्षभर सांभाळा; हे मूल्यमापन एकदाच, पहिल्या परीक्षेआधी होते.

अभ्यास

७. आधी एनसीईआरटीचे पुस्तक वाचायला लावा. चौकटी, तक्ते आणि आकृत्यांखालच्या ओळींसकट.
८. धडा संपला की ‘हे रोजच्या व्यवहारात कुठे दिसते?’ असे विचारा. निम्मे गुण क्षमताधिष्ठित प्रश्नांना आहेत.
९. विजेचे बिल पुढ्यात ठेवा. २००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट कसे होतात, ते मुलीलाच मांडू द्या.
१०. रोज दहा मिनिटे कोऱ्या नकाशावर द्या: चंपारण, खेडा, दांडी, नागपूर, मुरगाव बंदर. तुम्ही नाव घ्या, बोट मुलाला ठेवू द्या.
११. मराठी, हिंदी, इंग्रजी यांतल्या ज्या भाषा घेतल्या असतील त्यांना आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या; टक्केवारीत त्यांचे गुण गणिताइतकेच मोजले जातात.
१२. अडलेला भाग त्याच आठवड्यात शिक्षकांना विचारायला लावा. शंका जानेवारीपर्यंत साचली की सुटत नाही.

सराव

१३. मंडळाच्या संकेतस्थळावरचा चालू वर्षाचा नमुना पेपर आणि त्याची गुणदान योजना, दोन्ही छापून घ्या.
१४. निदान काही रविवारी सकाळी साडेदहा ते दीड असा ८० गुणांचा अख्खा पेपर सलग सोडवून घ्या.
१५. त्याआधीची पंधरा मिनिटे फक्त वाचनासाठी ठेवा. अंतर्गत पर्यायांपैकी कोणता प्रश्न घ्यायचा, ते तेव्हाच ठरू द्या.
१६. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेचे जीव, रसायन, भौतिक असे तीन विभाग पाडून लिहायचा सराव घरीच करून घ्या.
१७. सामाजिक शास्त्राचे इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असे चार विभाग ठेवा. प्रत्येकाला २० गुण आहेत.
१८. विधान-कारण प्रश्नात आधी दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे खरी की खोटी ते ठरवायला सांगा, मगच त्यांचा संबंध पाहायला.
१९. गणितात शेवटच्या तीन केस स्टडींसाठी वेळ राखून ठेवायला शिकवा. त्यांना १२ गुण आहेत.
२०. चुकांची वेगळी वही करा. चूक वाचण्यात झाली, समजण्यात की आकडेमोडीत, एवढे पुढे लिहिले तरी पुरे.

घर

२१. झोपेची वेळ ठरवा आणि ती घरातल्या सर्वांनी पाळा. जागरणाचा फटका सकाळच्या पेपरला बसतो.
२२. डिसेंबर ते मार्चमधल्या लग्नकार्यांना घरातल्या एकानेच जाऊन या.
२३. रोज एकच प्रश्न विचारा: ‘आज काय अडलं?’
२४. मुलाने सोडवलेला पेपर हातात घेऊन पाहा. गुणांआधी कोणते प्रश्न कोरे सोडले ते मोजा.

परीक्षेचा दिवस

२५. केंद्र आदल्या दिवशी पाहून या आणि जायला किती वेळ लागतो ते मोजा.
२६. सकाळी दहाच्या आत मूल केंद्राच्या आत असेल, असे घरून निघा.
२७. प्रवेशपत्र, शाळेचे ओळखपत्र, पारदर्शक पाऊच आणि वापरातली दोन-तीन निळी पेने रात्रीच काढून ठेवा.
२८. मनगटावर साधे काट्यांचे घड्याळ असू द्या.

निकालानंतर

२९. डिजिलॉकरवरचे गुण पाहून शिक्षकांसोबत बसा आणि सुधारणेचे विषय दोन दिवसांत पक्के करा.
३०. मेच्या परीक्षेची वेगळी नोंदणी शाळेमार्फत मुदतीत करून घ्या.
३१. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या तारखा त्याच वेळी लिहून ठेवा. दोन्ही कामे एकत्र येतात.

काय टाळावे

नियम आणि नोंदणी

१. ‘आता राहिलं तर मेमध्ये बघू’ हे वाक्य घरात उच्चारू नका.
२. पहिल्या परीक्षेला कोणताही पेपर बुडवू नका. तीन किंवा अधिक विषयांना गैरहजर राहिल्यास मेमध्ये बसता येत नाही, थेट पुढच्या फेब्रुवारीत बसावे लागते.
३. ‘शाळा बघून घेईल’ म्हणून फॉर्मवर न वाचता सही करू नका.
४. केवळ सोपे म्हणून बेसिक किंवा केवळ प्रतिष्ठेपायी स्टँडर्ड गणित घेऊ नका.
५. क्लाससाठी शाळा बुडवू देऊ नका; क्लासची हजेरी मंडळ धरत नाही.
६. प्रकल्प, वही आणि पोर्टफोलिओ स्वतः पूर्ण करून देऊ नका. त्यावर तोंडी विचारले की मूल अडखळते.

अभ्यास

७. गाइड आणि तयार नोट्स यांवर अभ्यास उभा करू नका. प्रश्नातले शब्द बदलले की पाठ केलेले कामी येत नाही.
८. जुन्या प्रश्नपत्रिकांतून ‘येणारे प्रश्न’ निवडून बाकी धडे सोडू नका. दोन्ही परीक्षांना पूर्ण अभ्यासक्रम आहे.
९. गणिताची आणि विज्ञानाची उदाहरणे नुसती वाचून पुढे जाऊ देऊ नका. हाताने सोडवल्याशिवाय ती येत नाहीत.
१०. नकाशा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.
११. ‘भाषेला काय करायचंय’ म्हणू नका. शुद्धलेखनात आणि पत्राच्या मांडणीत हातचे गुण जातात.
१२. राज्य मंडळाच्या शेजारच्या मुलाचे पुस्तक किंवा पेपर हाती देऊ नका. अभ्यासक्रमही वेगळा आहे, गुणदानही.

सराव

१३. आराखडा बदलण्याआधीचे पेपर जसेच्या तसे सरावाला घेऊ नका. आधी चालू नमुन्याशी ताडून पाहा.
१४. मोबाइल जवळ ठेवून, मध्ये उठत-बसत पेपर सोडवू देऊ नका.
१५. वाचनाच्या पंधरा मिनिटांत पेन हाती धरायची सवय लावू नका.
१६. एका विभागाचे उत्तर दुसऱ्या विभागात लिहू देऊ नका. ते तपासले जात नाही.
१७. ‘नंतर गुणपडताळणीत बघू’ अशा भरवशावर राहू नका. सरमिसळ झालेली उत्तरे तिथेही धरली जात नाहीत.
१८. बहुपर्यायी प्रश्न एकही कोरा सोडू देऊ नका. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.
१९. कॅल्क्युलेटरवर सराव करू देऊ नका. परीक्षेत तो चालत नाही.
२०. तपासलेला पेपर कपाटात टाकू नका. चुकलेला प्रश्न दुसऱ्यांदा सोडवला तरच त्या पेपरचा उपयोग.

घर

२१. ‘अमक्याच्या मुलीला किती पडले’ हा विषय जेवणाच्या ताटावर आणू नका.
२२. फेब्रुवारीत घराची रंगरंगोटी, दुरुस्ती किंवा पाहुण्यांचा मुक्काम काढू नका.
२३. दर तासाला दार उघडून ‘कुठवर आलं?’ विचारू नका.
२४. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची ‘मंडळाची सूचना’ खरी मानू नका. संकेतस्थळ किंवा शाळा, या दोनच जागा.

परीक्षेचा दिवस

२५. सकाळी नवा धडा उघडू देऊ नका.
२६. रहदारीचे कारण तयार ठेवू नका. केंद्राचे दार कोणासाठी थांबत नाही.
२७. नवे कोरे पेन पहिल्यांदा परीक्षेतच वापरायला देऊ नका.
२८. मोबाइल, स्मार्टवॉच आणि इअरफोन केंद्रात नेऊ देऊ नका. तो गैरप्रकार धरला जातो.

निकालानंतर

२९. दोन-चार गुणांसाठी तिन्ही विषय पुन्हा द्यायला लावू नका. खरी वाढ होईल तोच विषय निवडा.
३०. ‘दुसऱ्यांदा कमी पडले तर?’ या भीतीने मुलाला अडवू नका. दोन्हींपैकी जास्त असलेले गुणच धरले जातात.
३१. मेची परीक्षा द्यायची असेल तर मार्चभर पुस्तके माळ्यावर टाकू नका, आणि द्यायची नसेल तर ती मुलापुढे पुन्हा उघडू नका.

पहिली परीक्षा पूर्ण तयारीने देऊ द्या. दुसरी फक्त गरजेपुरती.