करवलीला आधी सांगा

धाकट्या नणंदेचं लग्न साताऱ्याला झालं. ऐन मे महिना आणि दुपारी १२ वाजून ३८ मिनिटांचा मुहूर्त. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती आणि ती करवली होती. पुढे तीन वर्षांनी सांगलीला माझ्या भावाचं लग्न झालं. तेव्हा ती नऊ वर्षांची, पुन्हा करवली, आणि माझा धाकटा चार वर्षांचा. पहिल्या लग्नात आमच्या हातून बरंच चुकलं. त्यातलं जेवढं सुधारता आलं तेवढं दुसऱ्या लग्नात सुधारलं. आता नात्यात कुणाचं लग्न ठरलं आणि घरात लहान मुलं असली की बायका मला फोन करतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. करा आधी स्वतः उचलून बघा

आमच्याकडे करवली नवरीच्या मागे करा घेऊन उभी राहते. सासूबाईंनी माळ्यावरचा जुना तांब्याचा करा काढला, चिंच लावून लखलखीत केला, गळ्यापर्यंत पाणी भरलं, आंब्याची पानं लावली, वर नारळ ठेवला. दिसायला फार देखणा झाला होता. लग्नानंतर घरी आल्यावर मी तो तसाच भरून वजनकाट्यावर ठेवला, तर दोन किलो तीनशे ग्रॅम भरला. लेकीचं वजन तेव्हा १८ किलो होतं. म्हणजे आपल्या वजनाच्या आठव्या हिश्श्याएवढं ओझं ती पोर छातीशी धरून उभी होती.

त्यात मंगलाष्टकं. नुसती गुरुजींनी म्हटली तर पाच-सात मिनिटांत आटोपतात. पण शार्दूलविक्रीडितात, एका ओळीला एकोणीस अक्षरं मोजून बसवलेली स्वतःची रचना प्रत्येक काकूकडे आणि प्रत्येक मामाकडे असतेच. ती त्यांनी प्रेमानं लिहिलेली असते, तिला नाही कशी म्हणणार! आमच्याकडे बावीस मिनिटं लागली. दर कडव्याच्या शेवटी 'सावधान' आलं की लेकीला वाटायचं झालं, संपलं, आणि तेवढ्यात पुढचं माणूस माईक हातात घ्यायचं. चौथ्या-पाचव्या कडव्यापासून तिची कोपरं थरथरताना मला दिसत होती. पाणी हिंदकळून तिच्या पायाच्या बोटांवर पडत होतं. तिनं करा खाली ठेवला नाही, कारण आदल्या दिवशी कुणीतरी तिला 'करा खाली टेकवायचा नसतो' असं बजावलं होतं. मोठ्या माणसांनी सहज म्हटलेलं वाक्य लहान मूल जिवापाड पाळतं.

सांगलीला मी गुरुजींना आधीच विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं, लहान गडू घ्या, दोन बोटं पाणी पुरे, नारळही छोटा निवडा. शिवाय लेकीच्या शेजारी माझी वहिनी उभी केली आणि लेकीला सांगून ठेवलं की हात दुखले तर मामीच्या हातात दे, त्यात काही बिघडत नाही. हात दुखले म्हणून तिनं एकदाही दिला नाही. पण देता येईल हे तिला माहीत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

२. दिव्याजवळ नायलॉन नको

मुलींना घेरदार नेटचे घागरे आवडतात, दुकानात रांगेनं टांगलेले असतात. पण लग्नात समई आहे, निरांजन आहे, लामणदिवा आहे, होम आहे, आणि हे सगळं बरोबर मुलींच्या कमरेच्या उंचीवर आहे. कृत्रिम धाग्याचं कापड पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. मी दोन्ही लग्नांत लेकीला खणाचं परकर-पोलकं शिवलं. खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, पण हल्ली खणाच्या नावाखाली कृत्रिम धागाही सर्रास मिळतो. म्हणून कापड घेतलं की कडेचा एक दोरा ओढून काडीनं पेटवून बघावा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख होते. कृत्रिम असेल तर वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. पोलक्याच्या आतून मऊ सुती झबलं घालावं, जरीचा काठ टोचत नाही.

३. पोट भरलेलं असू द्या

कन्यादान करणारे आईवडील उपाशी राहतात, तो त्यांचा नेम. मुलांना तो नाही. अकरा वाजता वरणभात-तूप, वर पिकलेलं केळ. उन्हाळ्यातलं लग्न असेल तर घरूनच साखर-मिठाचं पाणी करून न्यावं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. स्वागताला ठेवलेल्या सरबतावर मुलांना दिवसभर ठेवू नये.

४. कार्यालयात गेल्यावर पहिल्यांदा मुदपाकखाना बघा

हे मी सगळ्यांना सगळ्यात आधी सांगते. साताऱ्याच्या लग्नात सीमांतपूजनाच्या संध्याकाळी लेक दहा मिनिटं सापडत नव्हती. दहाच मिनिटं, पण त्या वेळात मी कार्यालयाचे दोन्ही जिने, गच्ची, वधूपक्षाच्या खोल्या, मागचा हौद, सगळं पालथं घातलं. हौदात वाकून बघताना माझे हातपाय गळून गेले होते.

ती मुदपाकखान्यात होती. दुसऱ्या दिवसाच्या जिलब्या आदल्या रात्रीच तळायला घेतल्या होत्या. जमिनीवर विटांच्या आधारानं मांडलेली मोठी शेगडी, तिच्यावर पसरट कढई, आणि कढईपासून तीन फुटांवर माझी लेक उकिडवी बसून जिलबी कशी पडते ते टक लावून बघत होती. तळणाऱ्या आचाऱ्यानं तिच्या आणि कढईच्या मधे आपली एक मांडी आडवी घातली होती. एका हातानं तो जिलब्या पाडत होता आणि दुसरा हात तिच्या बाजूला पसरलेला. मला बघितल्यावर म्हणाला, "ताई, हिला उठवायला गेलो असतो तर हातातल्या फडक्यातलं पीठ सांडलं असतं. म्हणून म्हटलं, कुणी येईपर्यंत अशीच बसू दे." त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

कार्यालयाच्या माणसांना मी आधी बोलले, दाराला साधी कडीसुद्धा नाही म्हणून. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं की घरची आम्ही अठरा मोठी माणसं होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती दुसऱ्या कुणाकडे आहे. मी पूजेचं ताट घेऊन धावत होते, नवरा पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गेला होता, सासूबाई देवकापाशी बसल्या होत्या.

म्हणून सांगलीला प्रत्येक लहान मुलामागे एक मोकळं माणूस ठेवलं. मोकळं म्हणजे त्या माणसाला दुसरं एकही काम नाही. आहेराची यादी नाही, मानपानाची पिशवी नाही, फोटोला उभं राहणं नाही. धाकट्यासाठी माझ्या आत्तेबहिणीनं दोन दिवस दिले. तिला आम्ही नवरीच्या आईइतकीच भारी साडी नेसवली आणि पंगतीत पहिल्या पानावर बसवलं. तिचं काम कुणाला दिसलं नाही, पण त्या लग्नातलं सगळ्यात मोठं काम तिचंच होतं असं मी मानते. आणखी एक केलं. धाकट्याच्या दंडावर आतल्या बाजूला बॉलपेननं माझा मोबाइल नंबर लिहिला. मुलाच्या अंगावर सोनं मात्र घातलं नाही, एक वळंसुद्धा नाही.

५. अक्षता

मुलांना मूठभर नाही, चिमूटभर द्याव्यात. वरून सोडायला शिकवावं, फेकायला नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना फुलांच्या पाकळ्या द्याव्यात, कारण तांदूळ नाकात आणि कानात जातो.

६. झोप आली तर झोपू द्या

मुहूर्त टळत नाही आणि मुलांची झोपही टळत नाही. सांगलीला सप्तपदीच्या वेळी धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता. फोटोग्राफर दोनदा म्हणाला, जरा उठवता का, फोटो छान येईल. मी नाही म्हटलं. एक वयस्कर बाईही म्हणाल्या, मामाच्या लग्नात झोपतो म्हणजे काय!

तेव्हा मला आजेसासूबाईंनी सांगितलेली गोष्ट आठवत होती. त्यांची आई लग्नात नऊ वर्षांची होती. गोरज मुहूर्त लांबला, आणि मामानं झोपलेल्या नवरीला उचलून बोहोल्यावर आणलं. माळ घालण्यापुरती जागी केली आणि ती पुन्हा मामाच्या खांद्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी पाण्यातली अंगठी शोधायचा खेळ तिला मनापासून आवडला, एवढंच तिला लग्नातलं आठवायचं. त्या काळात यात नवल नव्हतं. १८७४ मध्ये आनंदीबाई जोशींचं लग्न झालं तेव्हा त्याही नऊ वर्षांच्याच होत्या. मुलीचं वय किमान चौदा असावं असं सांगणारा शारदा कायदा यायला १९२९ साल उजाडलं. आपल्या लग्नातले कितीतरी खेळ, विडा तोडणं, सुपारी सोडवणं, मला आता वेगळेच दिसतात. बोहोल्यावर बसलेली ती दोघं मुलंच होती. आज आपली मुलं नवरीच्या मागे उभी राहतात, मांडवात खेळतात, मांडीवर झोपतात, आणि संध्याकाळी आपल्याच आईबरोबर घरी येतात. झोपलेल्या पोराला फोटोसाठी उठवायला माझा हात झाला नाही.

७. करवलीला आधी सांगा

साताऱ्याच्या लग्नात लेकीला आम्ही सगळं शिकवलं होतं. कुठे उभं राहायचं, करा कसा धरायचा, कऱ्यातलं पाणी वधूवरांच्या डोळ्यांना कधी लावायचं. महिनाभर ती घरभर रिकामा तांब्या घेऊन फिरत होती. एकच गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

नणंद तिची सख्खी मैत्रीण होती. रोज सकाळी तिच्या दोन वेण्या नणंदच घालायची, रात्री दोघी एका गोधडीत झोपायच्या. संध्याकाळी पाच वाजता पाठवणीची गाडी फुलं लावून उभी राहिली, सासूबाईंनी ओटी भरली, बायका डोळे पुसू लागल्या. लेक माझा पदर ओढून म्हणाली, "आत्याबरोबर मी पण जाऊ ना गाडीत? आम्ही परत कधी येणार?" मी म्हटलं, "अगं, आत्या आता तिकडेच राहणार." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग मी करा धरलाच नसता."

रडली नाही. मोठ्यानं बोललीही नाही. पण गाडीच्या उघड्या काचेतून नणंदेनं ऐकलं. ती शालू सावरत खाली उतरली, लेकीसमोर गुडघ्यांवर बसली आणि मग दोघी रडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, शुभवेळी पोरीनं काय हे मांडलंय. मला त्या माणसाचा राग आला आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त. सहा वर्षांच्या मुलीच्या हातात आम्ही करा दिला आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते तिच्यापासून लपवलं. लपवायचं असं ठरवलं नव्हतं, मोठ्यांना ते इतकं ठाऊक होतं की सांगायचं राहून गेलं. तीन रात्री ती नणंदेची उशी घेऊन झोपली. वेण्या मला घालू देईना.

भावाच्या लग्नाआधी पंधरा दिवस आम्ही भातुकली काढली. बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं, धाकट्यानं अंतरपाट म्हणून माझा रुमाल धरला. लग्न लागल्यावर लेकीनं आपणहून विचारलं, "आता बाहुलीची आई एकटी राहणार का?" मग आम्ही खूप वेळ बोललो. नवी मामी कुठून येणार, तिच्या घरी मागे कोण कोण राहणार, ती माहेरी कधी कधी जाणार. मी काही गोड करून सांगितलं नाही. पहिले काही दिवस त्या घरी सगळ्यांना चुकल्यासारखं वाटेल, असंच सांगितलं.

८. मूल अडून बसलं तर थांबा

सांगलीच्या नवरीला सख्खा भाऊ नव्हता. सात वर्षांच्या चुलतभावाला मान होता: लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत तीन वेळा लाह्या घालायच्या आणि नवरदेवाचा कान पिळायचा. सकाळपासून सगळे त्याला चढवत होते, जोरात पीळ, सोडू नकोस. वेळ आली आणि तो खुर्च्यांच्या रांगेमागे जाऊन बसला. बाप ओढायला गेला तर खुर्चीचा पाय धरून बसला. होम पेटलेला, तुपाचा धूर डोळ्यांत जात होता, लोक हाका मारत होते.

माझी लेक गडू माझ्या वहिनीकडे देऊन तिकडे गेली आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसली. ती काय बोलली ते मी नंतर विचारलं. तिनं त्याला सांगितलं होतं, "माझी आत्या पण गेली होती. ती दिवाळीत येते, मे महिन्यात येते, आणि फोनवर मला वेणी कशी घालायची ते सांगते." तो म्हणाला, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की."

गुरुजी थांबले होते. घाई करा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यानं येऊन लाह्या घातल्या, तिन्ही वेळा एकही खाली न सांडता. मग कान. माझा भाऊ पाटावर जरा वाकला आणि त्यानं आपला कान त्याच्यापुढे केला. त्या मुलानं कान दोन बोटांत धरला, पण पिळला नाही. नुसता धरून ठेवला. लोक हसून ओरडत होते, पीळ, पीळ. तो बहिणीकडे बघत होता. माझा भाऊ तसाच मान वाकडी करून बसून राहिला, त्यानं आपणहून सोडेपर्यंत.