हिमपठारावरून उतरणारे वारे

8 जानेवारी 1912 रोजी डग्लस मॉसन यांच्या मोहिमेची माणसे अंटार्क्टिकातील केप डेनिसन येथे उतरली, तेव्हा हवा शांत व निरभ्र होती. थोड्याच दिवसांत दक्षिणेकडून वारा सुटला आणि पुढील दोन वर्षे तो क्वचितच थांबला. वर्षभराच्या वेगाची सरासरी ताशी सुमारे 80 किलोमीटर भरली. अन्यत्र याला वादळ म्हटले असते. येथे ते नित्याचे हवामान होते. तळावरील अठरा माणसांना बुटांखाली खिळे लावून, वाऱ्यावर अंग टेकून चालण्याची विद्या शिकावी लागली. मॉसन यांच्या आकड्यांवर पुष्कळांनी अविश्वास दाखवला. परंतु त्याच किनाऱ्यावर पश्चिमेस असलेल्या पोर्ट मार्टिन या फ्रेंच तळावर मार्च 1951 ची सरासरी ताशी 100 किलोमीटरांहून अधिक आली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

हा वारा आकाश निरभ्र असतानाही वाहत राही, कारण त्याचा उगम मुख्यतः बर्फाच्या पठारावरच होतो. पूर्व अंटार्क्टिकाचा अंतर्भाग 3,000 मीटरांहून उंच आहे. ध्रुवीय रात्रीच्या काळात सूर्याची उष्णता मिळत नाही. मात्र बर्फाचा पृष्ठभाग अवरक्त प्रारणाच्या रूपाने आपली उष्णता सतत आकाशात टाकीत असतो. त्याला लागून असलेली हवा थंड होत जाते. एरव्ही वर जावे तसे तापमान उतरते. येथे काही शे मीटर उंचीवरची हवा पृष्ठभागावरील हवेपेक्षा 20 अंशांनीही अधिक उबदार असू शकते. यास तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात.

सपाट भूमीवर ही जड हवा जागीच साचून राहिली असती. परंतु हिमस्तर घुमटासारखा आहे, त्यामुळे ती गुरुत्वाकर्षणाने उताराकडे ओढली जाते. अशा वाऱ्यांना अवरोही किंवा कॅटाबॅटिक वारे म्हणतात. अंतर्भागात उतार इतका मंद असतो की डोळ्यांना तो जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ तो तीव्र होतो आणि वाऱ्याचा वेगही वाढतो. पृथ्वीच्या भ्रमणामुळे हा प्रवाह वाटेत डावीकडे वळतो.

येथे एक शंका येते. खाली उतरणारी हवा दाबली जाऊन दर 100 मीटरांना सुमारे 1 अंशाने तापते; मग ती थांबत का नाही? उत्तर असे की, महत्त्व तिच्या स्वतःच्या तापमानाला नसून शेजारच्या हवेशी असलेल्या फरकाला आहे. त्याच उंचीवरील भोवतालच्या हवेपेक्षा ती थंड असेल, तोवर ती उतरतच राहते.

तरीही केप डेनिसनचे कोडे सुटत नाही. उतार तर सर्वच किनाऱ्यांवर आहे, आणि बहुतेक ठिकाणी थंड हवेचा साठा संपताच वारा काही काळ पडतो. पॅरिश आणि ब्रॉमविच या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हिमस्तराच्या उतारांवरून वाऱ्यांच्या मार्गांचा नकाशा मांडला. त्यात दिसले की, अंतर्भागातील विस्तीर्ण प्रदेशांतील थंड हवा, उपनद्या मोठ्या नदीस मिळाव्यात तशी, काही थोड्या वाटांकडे एकवटते. अशा वाटेच्या मुखाशी साठा सहसा आटत नाही. मॉसन यांनी शांत दिवशी निवडलेली जागा अशाच एका मुखाशी होती!

समुद्रावर पोहोचताच उतार संपतो. कित्येकदा वारा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकाएकी ओसरतो आणि तेथे उडत्या हिमाची भिंत उभी राहिलेली दिसते. टेरा नोव्हा उपसागरात मात्र त्याचा जोर पुढेही टिकतो. तेथे तो नुकताच गोठलेला बर्फ किनाऱ्यापासून दूर ढकलतो, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही खुले पाणी राहते. हे पाणी पुन्हा गोठते, पुन्हा ढकलले जाते. गोठताना बाहेर पडणाऱ्या क्षारांमुळे खालचे पाणी जड होऊन बुडते आणि महासागराच्या तळाशी वाहणाऱ्या अतिशीत जलराशीत भर घालते.