आपल्या पोटातील बिऱ्हाडकरू

मनुष्यदेह हा एकट्या मनुष्याचा नाही, असे आजचे जीवशास्त्र सांगते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार, प्रौढ माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, तर जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी असतात. एवढ्या जीवाणूंचे वजन मात्र पाव किलोहूनही कमी, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास भरते. ते त्वचेवर व तोंडात असतात. पण त्यांची सर्वांत मोठी वसाहत मोठ्या आतड्यात असते. धान्य-भाज्यांतील जो चोथा आपले पाचकरस पचवू शकत नाहीत, तो हे बिऱ्हाडकरू पचवितात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत.

डोळ्यांना न दिसणाऱ्या या जीवांचा अभ्यास होतो तरी कसा? १६८३ साली लेवेनहूक या डच व्यापाऱ्याने आपल्याच दातांवरील कीट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा त्याला त्यात हालचाल करणारे जीव दिसले. पुढे काचेच्या बशीत अन्नद्रव्य घालून जीवाणू वाढविण्याची पद्धत रूढ झाली. परंतु आतड्यातील कित्येक जीवाणूंना प्राणवायू मारक ठरतो. त्यामुळे विष्ठेचा नमुना प्राणवायूविरहित बंद पेटीत हाताळावा लागतो. एवढे करूनही पुष्कळ जीवाणू बशीत वाढत नाहीत.

यावर दुसरा मार्ग निघाला. जुन्या पोथीच्या अनेक नकला समोर ठेवून संपादक पाठभेदांवरून कोणती नक्कल कोणत्या घराण्याची हे ठरवितो, हे आपण कला शाखेचे विद्यार्थी जाणतो. जीवाणूंच्या बाबतीतही असेच करतात. प्रत्येक जीवाणूत रायबोसोमशी संबंधित असे सुमारे १,५०० अक्षरांचे एक जनुक असते. त्याचा काही भाग सर्वांत जवळजवळ सारखा, तर काही भाग जातीजातींत निराळा असतो. रायबोसोमच्या रेणूंची अशी तुलना करून कार्ल वोझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली जीवसृष्टीची नवी वंशावळ मांडली. आज नमुन्यातील हे जनुक यंत्राने वाचून, जीवाणू न वाढविताही त्यांची ओळख पटविता येते. मात्र एखादा जीवाणू नेमके काय करतो हे नीट पाहण्यासाठी त्याला जिवंत वाढविणेच श्रेयस्कर. म्हणून दोन्ही मार्ग हवेत.

पुण्यात हे दोन्ही मार्ग चोखाळले गेले. तेथील डॉ. योगेश शौचे आणि डॉ. दिलीप रानडे यांच्यासह काही संशोधकांनी २०१२ साली एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या आतड्यांतील जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच घरात राहूनही वयानुसार जीवाणूंची घडण बदलते, असे त्यात आढळले. एकत्र कुटुंब ही आपली रीत येथे शास्त्राच्या कामी आली! २०१४ साली याच संशोधकांच्या प्रयत्नाने निरोगी माणसांच्या विष्ठेतून वाढविलेल्या एका नव्या जातीला 'मेगास्फेरा इंडिका' असे नाव मिळाले. २०१६ च्या आणखी एका अभ्यासात भारतीयांच्या आतड्यांत प्रीव्होटेला व मेगास्फेरा यांचे प्राबल्य दिसले. ही घडण अमेरिकनांहून वेगळी, पण बांगलादेशीयांशी मिळतीजुळती होती.

हा फरक महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील मोठ्या प्रकल्पाने २०१२ साली २४२ निरोगी प्रौढांचे निष्कर्ष मांडले. ती सारी माणसे अमेरिकेतलीच होती. त्यांच्यावरून 'निरोगी आतडे' ठरविले, तर भाकरी खाणाऱ्याचे आतडे त्या मापात बसेलच असे नाही. २०१० साली आफ्रिकेतील बुर्किना फासोमधील खेड्यातल्या मुलांची तुलना इटलीतील फ्लॉरेन्सच्या मुलांशी केली गेली. खेड्यातल्या मुलांचा आहार ज्वारी, बाजरी, चवळी असा होता, आणि त्यांच्यात प्रीव्होटेला विपुल होता. ही यादी वाचून आपल्या मराठवाड्यातले ताट डोळ्यांपुढे येते.

अशा संशोधनासाठी नुसता नमुना पुरत नाही. देणारा काय खातो, पाणी कोठले पितो, कोणती औषधे घेतो, हेही विचारावे लागते आणि त्याची समजून-उमजून दिलेली संमती लागते. माझ्या आईसारख्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला 'विष्ठेचा नमुना द्या' असे कोणी एकदम म्हटले, तर ती दार लावून घेईल. तिला तिच्या बोलीत, तिचा मान राखून हे समजावून सांगणारा माणूस हवा. ते काम कला शाखेच्या विद्यार्थ्याने आपले मानावे, असे मला वाटते.