गोफ उकलणारी विकरे

डी.एन.ए.चा रेणू म्हणजे दोन पदरांचा, पीळ घातलेला गोफ होय. आनुवंशिक संदेश या गोफाच्या आतल्या अंगास, बेसांच्या जोड्यांत, साठविलेला असतो. त्याची प्रत काढावयाची, तर प्रथम दोन्ही पदर विलग झाले पाहिजेत. परीक्षानळीत त्यासाठी द्रावण जवळजवळ उकळीपर्यंत तापवावे लागते. जिवंत पेशीत मात्र हेच कार्य नेहमीच्या तापमानास घडते. ते करणाऱ्या विकरांना ‘हेलिकेज’ म्हणतात. त्यांपैकी पहिले विकर १९७६ मध्ये ई. कोलाय या जीवाणूत आढळले.

या जीवाणूत प्रत निघत असताना सहा सारख्या घटकांचे कडे बनलेले एक हेलिकेज एका पदरावरून पुढे सरकते. दुसरा पदर कड्याबाहेर राहून सुटा होतो. लागणारी ऊर्जा ए.टी.पी.च्या विघटनातून मिळते. ३७° सेल्सियस तापमानास सेकंदाला सुमारे १,००० जोड्या, म्हणजे गोफाचे जवळजवळ १०० वेढे, उकलतात. सुटे पदर पुन्हा जुळू नयेत म्हणून दुसरी प्रथिने त्यांना तत्काळ बिलगतात. आर.एन.ए.च्या घड्या उलगडणारी हेलिकेजेही असतात.

मानवी पेशीत अशी अनेक विकरे आहेत. तरीही एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघतेच असे नाही. वर्नर विकारात ऐन तारुण्यात केस पिकतात, मोतीबिंदू होतो, कर्करोगाचा धोका वाढतो. डी.एन.ए.च्या दुरुस्तीस साहाय्य करणाऱ्या एका हेलिकेजाचे जनुक सदोष असणे हे त्याचे कारण असल्याचे १९९६ मध्ये सिद्ध झाले.