जिजाईचा एकांत

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की त्याचं करणारी बाई दिवसभर माणसांत असते, तरी एकटी पडलेली असते. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यानंतरचा काळ मी असाच काढला. डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर. दर दोन तासांनी अप्पांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मऊ भात भरवायचा, चादरी, औषधं, भेटायला येणारे आणि त्यांचा चहा. मोरीचं दार लावलं तरी बाहेरून हाक यायची. कष्टांचं काही वाटत नव्हतं. पण पुढेपुढे भांडं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं, अप्पा झोपले तरी माझा डोळा लागायचा नाही. एका दुपारी त्यांच्या तोंडातून घास ओघळला आणि माझा आवाज असा चढला की त्यांनी तोंड मिटून घेतलं. रात्रीपर्यंत उघडलं नाही.

आजाऱ्याचं करणाऱ्या प्रत्येकीला माझं कळकळीचं सांगणं आहे, तिथवर जाऊ देऊ नका, रोज थोडा एकांत काढा. 'जरा मोकळी झाले की बसेन निवांत' असं म्हणाल तर ते मोकळं होणं येतच नाही.

एकांत म्हटला की आपल्याला देहूजवळचा भंडारा डोंगर आणि तुकोबा आठवतात. संसारी माणसालाही एकांत लागतो, हे त्यांच्याकडे पाहून पटतं. पण त्याच डोंगरावर त्यांची बायको जिजाई भाकरी घेऊन चढायची, असं परंपरा सांगते. मागे घर, मुलं, घेणेकरी. तिला कुणी म्हटलं असेल का, 'आज तू बस, घरचं मी बघते'? आपल्या घरांतल्या जिजाईंना आजही कुणी आपणहून म्हणत नाही. म्हणून मागावं लागतं.

मी नणंदेकडे मागितलं. "वन्सं, दुपारी अर्धा तास अप्पांपाशी बसाल?"

"कुठं जायचंय का?"

"कुठं नाही. गच्चीत बसणार आहे."

हे शेवटचं वाक्य बोलणं सगळ्यांत अवघड होतं. पण तेच बोला. बाजाराचं निमित्त सांगितलंत तर हातात पिशवी आणि यादी येते. गांधीजी सोमवारी मौन पाळत, अगदीच गरज पडली तर चिठ्ठीवर लिहून देत. ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे भोवतालची माणसं त्याप्रमाणे वागत. वेळ ठरलेली असली आणि उघड सांगितलेली असली की घर ती सांभाळून घेतं.

फोन खालीच ठेवा. सुरुवातीला नुसतं बसवत नाही, त्याने घाबरू नका. 2014 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग आला होता. रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसायचं होतं, हवं तर विजेचा झटका घ्यायची सोय तेवढी होती. तेवढ्यात 18 पैकी 12 पुरुषांनी आणि 24 पैकी 6 बायकांनी स्वतःला तो झटका देऊन घेतला. मलाही आधी खालची कामंच दिसत. मग रडू यायला लागलं, आणि त्यानंतर कधीतरी कळलं की मला अप्पांचा राग नव्हता, त्यांच्या जाण्याची भीती वाटत होती. गर्दीत हे मला उमगलं नसतं. 2018 मधल्या एका अभ्यासातही पंधरा मिनिटांच्या एकटेपणाने चिडचीड, धास्ती यांसारख्या तीव्र भावना उतरल्याचं दिसलं. मात्र ते एकटेपण आपण निवडलेलं असावं लागतं. लादलेलं असेल तर मन खचतं. आणि बसून उठल्यावर रोजच अंधारल्यासारखं वाटत असेल, जगणं नकोसं होत असेल, तर गच्चीत जाऊ नका. घरात कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनाही एक विनंती. शहाळं नेऊ नका, चहासाठी थांबू नका. आजाऱ्याची कूस कशी बदलायची ते शिकून घ्या, आणि जी बाई त्याचं करते तिला विचारा, "उद्या किती वाजता येऊन बसू?"