संकरित पिल्लू घरी आणण्यापूर्वी

खान्देशातील वाचकांना ‘संकरित’ हा शब्द नवा नाही. संकरित कपाशीच्या एका पिशवीतील झाडे जवळजवळ सारखीच वाढतात. संकरित कुत्र्यांचे तसे नसते. लॅब्राडोर व गावठी यांच्या एकाच वेतातील एक पिल्लू थोराड, दाट केसांचे, तर दुसरे सडपातळ निघू शकते. म्हणून नुसत्या रूपावर भाळू नये. शक्यतो आई-बाप दोन्ही पाहावेत. आकार, केस व स्वभाव यांचा थोडाफार अंदाज येतो.

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. दाट केसांच्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला ही उष्णता सोसत नाही. गच्चीवर वा पत्र्याखाली बांधून ठेवल्यास ते उष्माघाताने दगावू शकते. सावली, दिवसभर पाणी आणि पहाटे फिरवणे हे १०-१२ वर्षे कोण करणार, ते घरात आधी ठरवावे.

पिल्लू ३ महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचावी. पुढील लसी व जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. कुत्रे घरचे असले तरी चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही.

एवढे जमणार नसेल, तर पिल्लू न आणणे हीदेखील भूतदयाच होय.