दुकानाच्या नावाचं तेल

एडिसन, न्यू जर्सी

चि. ओंकार,


गाडी घेतलीस हे ताईने कळवलं, आणि पाठोपाठ तुझा प्रश्नही आला. २०१४ ची कोरोला, हातात पैसे मोजके, आणि कॉस्टको-वॉलमार्टमध्ये दुकानाच्या नावाचं इंजिन ऑइल नावाजलेल्या कंपन्यांपेक्षा बरंच स्वस्त. ते बनवतं कोण आणि गाडीत घालावं का, असं तू विचारलंस. तुझा एक रूममेट म्हणतो, आत मोठ्या कंपनीचंच तेल असतं, फक्त डबा वेगळा. दुसरा म्हणतो, वापरलेलं तेल गाळून भरतात. दोघांनीही ऐकीव गोष्ट सांगितली आहे. तुर्भ्यापासून इथपर्यंत माझी सगळी नोकरी तेलाच्या लॅबमध्ये गेली, म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहितो.

आधी बनवणाऱ्याचं. ही दुकानं स्वतः तेल बनवत नाहीत. ती ब्लेंडरकडून, म्हणजे तेल मिसळून भरणाऱ्या कारखान्याकडून, भरून घेतात. ओमाहाची वॉरन डिस्ट्रिब्यूशन ही त्यातली मोठी कंपनी. कॉस्टकोचं कर्कलंड सिग्नेचर आणि अ‍ॅमेझॉन बेसिक्सचं तेल तिने पुरवलेलं आहे, वॉलमार्टचं सुपरटेकसुद्धा. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका कंपनीबरोबर एकत्र येऊन हायलाइन वॉरन झाली. नापा या सुट्या भागांच्या दुकानांचं तेल अनेक वर्षं व्हॅल्व्होलिनकडून यायचं, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही सगळी कंत्राटं आहेत. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या माहितीवर आजचा डबा विकत घेऊ नये.

भारतात पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता छापणं वजन-मापांच्या नियमांनी बंधनकारक आहे, त्यामुळे तुला इथेही तीच सवय. इथे बहुतेक डब्यांवर फक्त ‘अमुक दुकानासाठी वितरित’ एवढंच असतं. शोधायचंच असेल तर त्या तेलाची सेफ्टी डेटा शीट काढ. तिच्या पहिल्याच भागात जबाबदार कंपनीचं नाव आणि फोन द्यावा लागतो, आणि ते बरेचदा ब्लेंडरचं असतं. दुसरा मार्ग म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआयची परवानाधारकांची यादी. ती सगळ्यांसाठी खुली आहे आणि ब्रँडच्या नावाने शोधता येते.

नाव मिळालं तरी निम्मंच उत्तर मिळालं, हे मात्र ध्यानात ठेव. इंजिन ऑइलमध्ये साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त बेस ऑइल असतं, उरलेला भाग अ‍ॅडिटिव्हचा. ही अ‍ॅडिटिव्ह पॅकेजेस जगभर मुख्यतः चारच कंपन्या बनवतात: लुब्रिझॉल, इन्फिनियम, शेव्हरॉन ओरोनाइट आणि अ‍ॅफ्टन. महागडा डबा असो की स्वस्त, आतली रसायनं बहुधा या चौघांपैकीच कुणाची तरी. आणि एकाच प्लांटमध्ये, एकाच लाइनवर, निरनिराळ्या ब्रँडचे डबे भरले जातात. काहींत तेल तेच असतं, काहींत फॉर्म्युला पूर्ण वेगळा. आजी सांगलीत डंकावर मसाला कुटून आणायची ना? डंक एकच, पण प्रत्येक घरच्या मसाल्याची चव ज्याने त्याने दिलेल्या सामानाप्रमाणे. तेलाचंही तसंच. गिऱ्हाइकाने काय मागितलं आणि किती पैसे मोजले, त्यावर आतला माल ठरतो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? डब्याच्या मागच्या बाजूला एपीआयचं गोल चिन्ह असतं, त्याला इथे ‘डोनट’ म्हणतात. वरच्या अर्धवर्तुळात सर्व्हिस कॅटेगरी, मधोमध ग्रेड. तुझ्या कोरोलाला ०डब्ल्यू-२० लागतं, तेव्हा मध्ये ‘एसएई ०डब्ल्यू-२०’ आणि वर ‘एसपी’ किंवा त्याहून नवं ‘एसक्यू’ पाहिजे. एसपी २०२० मध्ये आलं, एसक्यू २०२५ मध्ये. पुढच्या बाजूला सूर्यासारखं दातेरी ‘स्टारबर्स्ट’ असेल तर आणखी चांगलं. ‘एसपीच्या गरजा पूर्ण करतं’ असं नुसतं वाक्य छापलेलं असेल आणि डोनट नसेल, तर तो विकणाऱ्याचा स्वतःचा दावा आहे. त्याला कुणी जामीन नाही.

डोनटला जामीन आहे. त्यासाठी खरी इंजिनं टेस्ट बेंचवर तासन्‌तास चालवतात, मग उघडून पिस्टनवरचा थर, आतला गाळ, झीज, टायमिंग चेन किती लांबली, हे मोजतात. लॅबमध्ये १०० अंश सेल्सिअसला तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, मोजतात. ०डब्ल्यू-२० असेल तर ती ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सच्या आतच यायला हवी. परवाना दिल्यावर एपीआय दुकानांतून डबे उचलून पुन्हा तपासते. कर्कलंडचा डबा असो की मोबिलचा, परवाना घेतला की कसोटी तीच. महाग तेल त्या कसोटीच्या पुढे कदाचित जात असेल, पण तुझ्या गाडीला आणि तुझ्या खिशाला त्या पुढच्या अंतराची गरज नाही.

आता एक प्रकरण नीट वाच. डॉलर जनरल या दुकानांच्या साखळीत ‘डीजी’ नावाचं तेल मिळायचं. त्यातल्या १०डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-४० च्या मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं की १९८८ नंतरच्या बहुतेक इंजिनांना हे चालणार नाही. एसएई ३० साठी तर १९३० साल दिलेलं होतं. आणि हे डबे चालू काळातल्या तेलांच्या शेजारी फळीवर. अनेक राज्यांतल्या गिऱ्हाइकांनी दावे लावले, २०१६ मध्ये ते मिझुरीच्या फेडरल कोर्टात एकत्र झाले आणि शेवटी तडजोडीने मिटले. ते तेल कुठल्या कारखान्यातलं, हे कळून एकाही गाडीचं इंजिन वाचलं नसतं. लेबल उलटून वाचलं असतं तर वाचलं असतं. म्हणून सांगतो, पेट्रोल पंपाच्या दुकानातला किंवा एखाद्या कोपऱ्यावरचा फारच स्वस्त डबा दिसला की आधी मागच्या लेबलावरची सर्व्हिस कॅटेगरीची अक्षरं बघ. एसए, एसबी, एसएफ असं काही असेल तर परत ठेव.

पुढे नवी गाडी घेशील तेव्हा डीलर म्हणेल की आमचंच तेल वापरा, नाहीतर वॉरंटी गेली. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने ते तेल फुकट दिल्याशिवाय तशी अट घालता येत नाही. कंपनीने सांगितलेला ग्रेड आणि मानक पाळ, पावत्या जपून ठेव.

बाबा रे, तेलाच्या नावापेक्षा तेलाची पातळी न पाहिल्याने जास्त इंजिनं बसतात. दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेट्रोल भरताना, गाडी सपाट जागी असताना, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांब. डिपस्टिक काढ, पुसून पुन्हा पूर्ण आत घाल, मग बघ. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर भरलेलंही चुकीचं. तुझ्या गाडीत फिल्टरसकट ४.४ क्वार्ट तेल बसतं, म्हणून पाच क्वार्टच्या कॅनमधलं थोडं उरेल. तेच वरून भरायला ठेव.

तेव्हा दुकानाचं तेल बिनधास्त घे, फक्त डोनट आणि ग्रेड पाहून. वाचलेल्या पैशांतून फिल्टर मात्र चांगला घे. जुनं तेल गटारात ओतू नकोस. ऑटो पार्ट्सची बरीच दुकानं ते फुकट परत घेतात. पहिला कॅन आणलास की मागच्या लेबलाचा फोटो मला पाठव, आणि माझं उत्तर येईपर्यंत तो उघडू नकोस.

तुझा,
मामा